ओवीचं दुसरं ताट

ओवी बोलत नाही ते सुनेच्या, दीपिकाच्या मोबाइलमुळे, असं सुभद्राबाईंनी चाळीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पोर चार वर्षांची व्हायला आली तरी 'आई', 'आजी', 'दे', 'नको' यांच्यापुढे तिची गाडी सरकत नव्हती. मागच्या वर्षी ती 'बाबा आला' म्हणायची, खिडकीतल्या कावळ्याला हाका मारायची. ते शब्द कुठे गेले कुणास ठाऊक. पोट दुखतं म्हणून कळवळायची, आणि राग आला की डोकं भिंतीवर आपटायची.

"आई कामावर नि पोर मोबाइलवर. मग बोलतला कोण तिच्याशी?" नळावर बाया जमल्या की सुभद्राबाई म्हणायच्या.

दीपिकाच्या कानावर ते जायचंच. ती एका इस्पितळात बिलाच्या काउंटरवर बसायची. दिवसभर लोकांची कटकट ऐकून आल्यावर सासूशी भांडायचं त्राण तिच्यात उरत नसे. धनेश, तिचा नवरा, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये लिफ्टच्या दुरुस्तीवर होता. दोघं सकाळी चपाती-भाजीचा डबा घेऊन बाहेर पडत. मग परळच्या त्या दोन खोल्यांत आजी आणि नात दोघीच. ओवीचं सकाळचं, दुपारचं, संध्याकाळचं खाणं आजीच्या हातचं. त्याचा सुभद्राबाईंना अभिमान होता. बाहेरचं बिस्किटसुद्धा त्या पोरीला देत नसत. पेज, आमटी-भात, आणि तिला सगळ्यात आवडायचं ते टोमॅटोचं सार. सकाळीच टोपभर करून ठेवायचं आणि दिवसभर लागेल तसं गरम करून द्यायचं. पोट दुखलं की वाटीभर जास्तच.

बालवाडीत एका संशोधन संस्थेची माणसं आली आणि मुलांच्या रक्ताचे नमुने घेऊन गेली. मुलांच्या रक्तात शिसं किती आहे आणि ते जेवणातून येतं का, याचा अभ्यास चालला होता. पंधरवड्यानंतर अनुजा नावाची मुलगी घरी आली. दादरला वाढलेली, बोलणं स्वच्छ, पायात बूट. ते दाराबाहेर काढून ती खाली चटईवरच बसली आणि म्हणाली, "मावशी, तुमच्या ओवीच्या रक्तात शिसं बरंच जास्त निघालंय. कशातून जातंय ते आपल्याला शोधायचंय. आठवडाभर मला तुमची मदत लागेल."

मदत अशी की ओवी जे खाईल, तेच आणि तेवढंच दुसऱ्या ताटात वाढायचं आणि संस्थेनं दिलेल्या डब्यात भरून ठेवायचं. रोज दुपारी अनुजा ते घेऊन जाणार.

पहिल्या दिवशी सुभद्राबाईंनी डबा पाहुण्याला द्यावा तसा भरला. वर पापड, कडेला लोणच्याची फोड.

"मावशी, ओवीनं लोणचं खाल्लं?"

"नाय गो. ती कसली खाता? पण कोण तरी जेवतलो ना ता? बरा दिसता काय नुसता आमटी-भात?"

अनुजाला हसू आवरेना. "कुणी जेवणार नाही, मावशी. आम्ही हे सगळं मिक्सरमध्ये एकत्र वाटतो आणि तपासतो. तिनं अर्धं टाकलं तर डब्यातलंही अर्धं काढायचं."

आपलं जेवण मिक्सरमध्ये वाटलं जाणार हे सुभद्राबाईंना पटलं नाही. पण मुलगी गोड होती. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ती आली की चहा टाकलेला असायचा. कुशाबा, सुभद्राबाईंचे यजमान, गेल्यापासून दुपारच्या वेळी त्यांच्या घरात चहा मागणारं कुणी नव्हतं. अनुजा तांदूळ, डाळ, हळद, मालवणी मसाला, नळाचं पाणी, सगळ्याचे नमुने घेऊन गेली. जाताना ओवीच्या गालाला हात लावायची. ओवी तिचा हात झटकून टाकायची.

नंतर बरेच दिवस काही कळलं नाही. मग एका रविवारी, सगळे घरात असताना, अनुजा एक जड पेटी घेऊन आली.

"तांदूळ ठीक आहे," ती म्हणाली. "डाळ, मसाला, हळद, पाणी, सगळं ठीक. पण शिजलेल्या जेवणात शिसं आहे. ज्या दिवशी सार जास्त, त्या दिवशीच्या डब्यात तर खूपच. म्हणजे ते घरातच, शिजवताना मिसळतंय."

पेटीतून तिनं पिस्तुलासारखं यंत्र काढलं. त्याचं तोंड वस्तूला टेकवून खटका दाबला की मागच्या छोट्या पडद्यावर आत कुठला धातू किती ते दिसायचं. तिनं भिंतीच्या रंगाला टेकवलं, ओवीच्या बाहुलीला टेकवलं, काजळाच्या डबीला टेकवलं. धनेश मागे उभा राहून बघत होता. त्याला यंत्रांची आवड, तो मधेमधे प्रश्न विचारत होता. दर वेळी अनुजा नाही म्हणून मान हलवायची आणि पुढे सरकायची. मग ती ओट्याकडे वळली. स्टीलचं पातेलं. तवा. शेवटी तिनं शेगडीवरचा साराचा टोप उचलला, सार दुसऱ्या भांड्यात ओतलं आणि टोपाच्या आतल्या बाजूला यंत्र टेकवलं.

या वेळी तिनं मान हलवली नाही. जागा बदलून पुन्हा खटका दाबला. मग तिसऱ्यांदा.

"हा कुठून घेतलात, मावशी?"

टोप जर्मनचा होता. ॲल्युमिनियमला सुभद्राबाई अजून जर्मनच म्हणत. चांगला जाड, दोन हातांनी उचलावा लागे असा. कुशाबा वारले, वर्षश्राद्ध झालं, आणि त्यांचे कपडे कपाटात किती दिवस ठेवायचे म्हणून सुभद्राबाईंनी दारावरच्या बोहारणीला ते दिले. गिरणी चालू असताना शिवलेली टेरिकॉटची पँट होती, मुलाच्या लग्नातला सफारी होता, कधी अंगाला न लागलेले दोन शर्ट होते. बोहारीण स्टीलचा डबा देत होती. सुभद्राबाईंनी हट्टानं हा टोप मागून घेतला. जाड आहे, जन्मभर पुरेल, आणि माणसाच्या कपड्यांच्या बदल्यात यायचं ते काहीतरी वजनदार तरी यावं. ओवीला तेव्हा नुकतं वरचं अन्न सुरू झालं होतं.

हे सगळं त्यांनी सांगितलं. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला.

अनुजा म्हणाली, "असे टोप भंगार वितळवून ओततात. गाड्यांचे जुने भाग, बॅटऱ्या, जे मिळेल ते. त्यातलं शिसं भांड्यात येतं. टोमॅटो, आमसूल, चिंच असं आंबट त्यात शिजवलं की ते सुटतं आणि जेवणात उतरतं. जेवढा वेळ ठेवाल तेवढं जास्त. पोट दुखणं, बोलणं मागे पडणं, हे त्यानंच होतं. चव नाही, वास नाही, रंग नाही. कुणालाच कळलं नसतं, मावशी."

ओवी खाली बसून चमचा फरशीवर आपटत होती. दीपिकानं तिच्या हातातला चमचा काढून घेतला.

"आई, तिला तिन्ही वेळा यातलंच ना?"

सुभद्राबाईंनी मान डोलावली.

"पोट दुखलं की आणखी वाटीभर," दीपिका म्हणाली.

"दीपिका," धनेश म्हणाला.

"नाही, मी काही बोलत नाहीये. मी फक्त विचारतेय." ती सासूकडे बघत होती. "म्हणजे माझ्या मोबाइलमुळे नव्हतं ते."

एवढंच ती म्हणाली. सुभद्राबाईंना वाटलं, हिनं ओरडावं, भांडी फेकावीत, चाळ गोळा करावी. तिनं ओवीला उचललं आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी सगळे कागद पाहिले. या पातळीला शिसं बाहेर काढायचं औषध देत नाहीत, त्या म्हणाल्या. टोप बंद झाला हाच उपचार. लोहाचं औषध द्या, दूध, अंडी द्या, रक्तातलं हळूहळू उतरेल.

"आणि बोलणं?" दीपिकानं विचारलं.

"रक्तातलं उतरेल, एवढं मी सांगू शकते," त्या म्हणाल्या. "मेंदूवर जो परिणाम होऊन गेला तो किती भरून येईल ते आता सांगता येत नाही. पूर्ण भरून येईल असं मी म्हणणार नाही."

सुभद्राबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांचंही रक्त तपासलं होतं, तेही वाईटच होतं. डॉक्टरीणबाई त्याबद्दल सांगू लागल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "माझा ठेवा हो बाजूक."

त्याच आठवड्यात दीपिका ओवीला घेऊन वरळीला माहेरी गेली. धनेश चार दिवस तिकडे, तीन दिवस इकडे असं करू लागला. इकडे असला तरी बाहेरून जेवून यायचा. आई विचारायची, "जेवलंस?" तो म्हणायचा, "हो." एकदा त्यांनी मुद्दाम नव्या स्टीलच्या पातेल्यात भात लावून ठेवला. तो म्हणाला, "भूक नाही गं, खरंच," आणि तोंड वळवून झोपला. भात सकाळी तसाच टाकावा लागला.

टोप अनुजानं प्रयोगशाळेत नेला होता. तुकडे करून तपासायचा होता. उरलेले तुकडे परत हवेत का, असं तिनं विचारलं तेव्हा सुभद्राबाई नुसत्याच नाही म्हणाल्या. मग अनुजानं चाचरत विचारलं, "मावशी, त्या बोहारणीकडून चाळीत आणखी कुणी घेतलेत का असे टोप?"

घेतले होते. कुणी घेतले होते ते सुभद्राबाईंना माहीत होतं. कारण टोप दाखवत त्याच तर सगळ्यांना सांगत फिरल्या होत्या, की बघ किती जाड आहे.

दुसऱ्या दिवशीपासून त्या दारोदार गेल्या. आधी वाटलं होतं, सांगितलं की बाया धावत टोप आणून देतील. पहिल्याच दारात उत्तर मिळालं, "आमची पोरं चांगली धडधाकट आहेत, सुभद्राबाय. तुमच्या घरात काय झालं ते आमच्यावर कशाला?" दुसरीनं दार अर्धंच उघडलं. तिसरीची मुलगी दहावीला होती, पहिली यायची. ती म्हणाली, "त्याच टोपातलं खाऊन आली की ती पहिली." गॅलरीतून जाताना मागे कुणीतरी म्हणालं, नातीला विष घातलं आणि आता लोकांची भांडी काढायला निघाली. सुभद्राबाईंनी ते ऐकलं आणि पुढचं दार वाजवलं. दोन मजल्यांवर मिळून मोजके टोप जमले. एक तर पदराखाली झाकून आणला होता, नवऱ्याला कळू नये म्हणून. ते सगळे अनुजा घेऊन गेली. निम्म्याहून जास्त टोपांत शिसं निघालं. दहावीवाल्या मुलीच्या घरचा टोप शेवटपर्यंत आला नाही.

बोहारीण दिवाळीच्या आधी पुन्हा आली. डोक्यावर टोपली, खांद्यावर जुन्या कपड्यांचं बोचकं, खालूनच तिची आरोळी आली. सुभद्राबाई जिना उतरून गेल्या. इतके दिवस त्यांनी मनात घोळवलं होतं काय काय बोलायचं ते. टोपलीत वरच तसला टोप होता.

"हा टोप विकू नको," त्या म्हणाल्या. "यात विष आहे. माझी नात गेली यानं."

"मेली?" बोहारीण दचकली.

"नाय मेली. पण बोलत नाय."

"मी काय बनवते का बाई? कारखान्यातून देतात, मी आणते. तिथं काय वितळवतात, मला काय ठाऊक?"

"आता सांगितलं ना तुला?"

"सांगितलं. मग? मी पण यातच भाजी करते. माझ्या सुनेला पण हाच दिला. स्टीलचं मला पडतं केवढ्याला, ठाऊक आहे?" तिनं टोपली खाली ठेवली होती, ती पुन्हा डोक्यावर चढवली. "तीन नातवंडं आहेत. त्यांना कशात रांधून घालू?"

मनात जमवून ठेवलेलं सुभद्राबाईंनी बाजूला ठेवलं. त्यांनी अनुजाचा नंबर तिला सांगितला, पोरांचं रक्त तपासून घे म्हणाल्या, फुकट करतात. बोहारीण हो हो करत निघाली. नंबर तिनं लिहून घेतला नव्हता. थोड्या वेळानं पलीकडच्या गल्लीतून तिची आरोळी पुन्हा ऐकू आली.

शाळा सुरू व्हायच्या सुमारास दीपिका परत आली. वरळीहून तिचं कामाचं इस्पितळ आडवळणाला पडत होतं, आईच्या घरी भावजय कुरकुरत होती. सासूवरचा राग गेला म्हणून नव्हे, दुसरी सोय नव्हती म्हणून. ओवीचं जेवण ती स्वतः पहाटे उठून करायची आणि स्टीलच्या डब्यात झाकून ठेवायची. सुभद्राबाईंनी ते फक्त भरवायचं. गरमसुद्धा करायचं नाही, असं तिनं शांतपणे सांगितलं होतं, आणि सुभद्राबाईंनी मानलं होतं.

ओवीच्या रक्तातलं शिसं उतरलं होतं. पोटाचं दुखणं थांबलं, डोकं आपटणंही कमी झालं. शब्द मात्र आले नाहीत. बालवाडीच्या बाईंनी तिला वर पाठवायला नकार दिला आणि वाचा-उपचाराला न्या म्हणून सांगितलं. आठवड्यातून दोनदा जायचं होतं. दीपिकाला त्यातल्या एकाच दिवसाची रजा मिळत होती.

"मंगळवारी तुम्ही न्याल?" तिनं भांडी घासता घासता विचारलं, मागे न बघता.

"नेतंय."

उपचाराच्या खोलीत एक तरुण मुलगी होती. तिनं सुभद्राबाईंना ओवीच्या समोर छोट्या खुर्चीवर बसवलं. पेल्यात पाणी ठेवलं. "आजी, तुम्ही म्हणायचं. तिच्या डोळ्यांत बघून, सावकाश. ती म्हणेपर्यंत म्हणत राहायचं. आज नाही म्हटलं तर गुरुवारी, गुरुवारी नाही तर पुढच्या आठवड्यात. कंटाळायचं नाही."

"पाणी," सुभद्राबाई म्हणाल्या.

ओवी खिडकीबाहेर बघत होती. समोरच्या इमारतीला बांधलेल्या बांबूंवर एक माणूस चढत होता.

सुभद्राबाईंनी तिची हनुवटी हलकेच आपल्याकडे वळवली. पोरीचे डोळे आजीच्या तोंडावरून सरकले आणि पुन्हा खिडकीकडे गेले.

"पाणी," त्या पुन्हा म्हणाल्या.