काळघडी आणि गेलेली गाडी

बेलटोल्यात दुर्गाप्रसाद महाराजांच्या मांडवाखाली त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. धानाची रोवणी अर्ध्यावर टाकून बायका चिखलाच्या पायांनी आल्या होत्या. समोर मोठा टीव्ही आणि टीव्हीवर महाराजांची काळघडी. निळ्या शंकराचा चेहरा, त्यावर काटे बनून फिरणारे दोन नाग आणि टिकटिक सरकणारा सेकंदाचा त्रिशूळ. टीव्हीपुढच्या खाटेवर ओमेश्वरी पडली होती. सकाळी बांधीत धानाचे परहे म्हणजे रोपं लावताना शेताच्या धुऱ्यावरचा नाग तिच्या घोट्याला डसला होता.

बेलटोल्यात वेळ घड्याळावर कमी आणि रुळावर जास्त मोजतात. गोंदियाची गाडी गेली तेव्हा साप चावला, असं साऱ्या रोवणाऱ्यांनी एकमुखाने सांगितलं. म्हणजे साडेनऊ. ओमेश्वरीचा नवरा गोवर्धन तिला मोटरसायकलवर घेऊन आमगावच्या दवाखान्याकडे निघालाही होता, पण वाटेत मांडव लागला आणि चार शहाण्यांनी त्याला अडवलं. गेल्या साली गावातल्या मंगरूला साप चावला, तेव्हा महाराजांनीच वाचवलं ना? आता मंगरूला चावली होती धामण, आणि धामण चावून कोणी मरत नाही. पण एवढं सांगायला ती बिचारी धामण थोडीच थांबली होती!

लिंबू झालं, निंबाचा पाला झाला. त्यात तास गेला, वर आणखी थोडा वेळ गेला. मग महाराजांनी सर्वांना डोळे मिटून माथा जमिनीला टेकवायला लावला. 

"काल को नंगी आँखों से देखोगे तो अंधे हो जाओगे," महाराज गरजले. घंटा खणखणली. लोकांनी माना वर केल्या तर काय, सव्वाअकराचे पावणेसहा झालेले!

"गाडी अजून यायचीच आहे," महाराज म्हणाले. "मग साप चावला कुठून? जहर चढणार कोणावर?"

गोवर्धन ढसाढसा रडला. सुटल्याचं रडणं होतं ते. घडीत पुन्हा साडेनऊ वाजेपर्यंत खाट जागची हलवायची नाही, असा हुकूम झाला आणि तो बायकोच्या उशाशी निवांत बसला. या निवांतपणाचा राग यावा की कीव यावी, तेच कळत नाही.

त्याची धाकटी बहीण रेणू आमगावात कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. आई धुरपताबाईंचा फोन जाताच ती स्कूटीवर धावत आली. काळघडी पाहताच तिने ती ओळखली. पहिल्याच आठवड्यात ती पोरांना अगदी हेच बनवायला शिकवत असे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर घड्याळ मांडायचं, त्याला हवा तो फोटो लावायचा, हवे ते काटे बसवायचे. मग देशांच्या यादीतून एक देश निवडायचा, की घड्याळ तिथली वेळ दाखवू लागतं. तिने मोबाईल काढून त्रिशूळाशी ताडून पाहिला. तास पार मागे गेले होते, पण सेकंद मात्र तंतोतंत जुळत होता.

"भाऊ, वहिनीले उचल."

"थांब ना रेणू. घडी मागं गेली. आता वेळच वेळ आहे आपल्यापाशी."

"तिचे डोळे पाह्य. उघडून नाही राहिले."

खरंच, ओमेश्वरीच्या पापण्या जड होऊन खाली आल्या होत्या. काहीतरी बोलायला बघत होती, पण जीभ वळत नव्हती. तरी गोवर्धनची नजर टीव्हीवरच खिळलेली. तेव्हा रेणू थेट महाराजांच्या आसनाशी गेली आणि त्यांच्या मांडीवरचा भगवा पंचा ओढला. खाली बिनतारी माउस निघाला. महाराज ओरडले, कोपाची धमकी दिली, पण तिने सगळ्यांच्या उघड्या डोळ्यांसमोर टीव्हीवर देशांची यादी उघडली. खूण आइसलँडवर होती. तिने जपान निवडला आणि नाग सरकन फिरले. दुपारचे तीन वाजले. बायकांच्या तोंडून भीतीचा सूर निघाला.

"मघाशी पहाट होती, आता दुपार," रेणू म्हणाली. "वहिनी बदलली? उन्ह बदललं? जपानात दिवस आधी उगवते, आइसलँडात उशिरा, म्हणून तिथली घड्याळं वेगळी. आपल्या साऱ्या देशात एकच वेळ, म्हणून हे आपल्याले कधी लागलंच नाही. आणि काळ मागं गेला म्हणता, तर सकाळची गाडी परत आली काय रुळावर? कोणं शिट्टी आयकली?"

कोणीच ऐकली नव्हती. गोवर्धन उठला आणि खाटेचा एक पाय त्याने स्वतः धरला.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलं विचारलं, किती वाजता चावला? गोवर्धनने उत्तरासाठी तोंड उघडलं आणि त्याची नजर भिंतीवरच्या घड्याळावर गेली. साडेबारा झाले होते. साडेनऊला, एवढंच तो म्हणाला. विषावरचं औषध कपाटात होतं, ते लगेच दिलंही. पण श्वास आधीच मंदावला होता. गोंदियाला नेताना रस्त्यातच ओमेश्वरी गेली. सकाळी सरळ आणली असती तर बहुतेक वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले. ते त्यांनी हळू आवाजात सांगितलं, तरी गोवर्धनला ऐकू गेलं.

सापाच्या दंशावर उपचार घेण्यापासून कोणाला अडवणं हा आपल्या राज्यात गुन्हा आहे. महाराजांना पोलीस घेऊन गेले. पण मांडवात अडवणारे ते चार जण आपलेच होते, त्यांना कोण नेणार?

तेरवीला रेणूने अंगणात आपला कॉम्प्युटर मांडला. तेच घड्याळ उघडलं आणि ज्याला हवं त्याला देश निवडू दिला. लोक आले, एकेकाने काटे पुढेमागे नेले, आणि खाली मान घालून बाजूला झाले. शेवटी, सव्वाअकरा होत आले तेव्हा, धुरपताबाई पुढे आल्या.

"बाई, मले ते पावणेसहा करून दे."

रेणूने आइसलँड निवडून काटे मागे नेले. म्हातारी पडद्याकडे न पाहता दाराकडे पाहत राहिली. ओमेश्वरी रोज त्याच सुमारास अंगण झाडायला निघत असे. दारात कोणी नव्हतं. शेतापलीकडून एक गाडी शिट्टी वाजवत निघून गेली.

"बंद कर," धुरपताबाई म्हणाल्या.

गोवर्धन तोवर भिंतीला टेकून बसला होता. तो उठला आणि जमलेल्यांकडे वळला.

"साप चावला तर कोणाच्या मांडवात थांबू नका, सरळ दवाखान्यात न्या," तो म्हणाला. "मी घड्याळाकडं पाहत बसलो. मी तिच्याकडं पाहायले पाह्यजे होतं."