सदर खांब जतन व्हावा

दुर्गच्या आमच्या इतिहास मंडळाचा सभासद व्हायचं तर आधी निबंध वाचावा लागे, आणि निबंधाचा विषय किमान शंभर वर्षं जुना असावा लागे. त्याच्या अलीकडे जे घडलं तो इतिहास नव्हे, नुसत्या गप्पा, असं अध्यक्ष अच्युतराव म्हणत. अच्युतराव म्हणजे निवृत्त हेडमास्तर. त्यांचे पूर्वज नागपूरच्या भोसल्यांच्या फौजेबरोबर छत्तीसगडात आले होते, आणि अच्युतरावांचं बोलणं ऐकलं तर वाटे, तेही घोड्यावर बसून सोबत आले असावेत.

मी शालिकराम, मूळचा भंडाऱ्याकडचा, मॅट्रिक नापास. १९५७ साली भिलाईला कारखान्याची वसाहत बांधायला घेतली होती, तिथे मी सर्वेत चेनमन होतो. मोजणीची साखळी ओढायची आणि साहेब दाखवतील तिथे खुंट्या ठोकायच्या, एवढंच काम. सहा दिवस मी जुनी गावं पुसायला मदत करी आणि सातव्या दिवशी इतिहासाच्या ओढीने सायकल मारत दुर्गला जाई. यात काही विचित्र आहे असं तेव्हा डोक्यातही आलं नाही.

त्या वर्षी आमच्या साखळीखाली चाळीस घरांचं एक गाव आलं. घरं उठून गेली होती. उरलं होतं एक तळं, आणि तळ्याकाठी झोपडी घालून बसलेली मैनाबाई. ती छत्तीसगढी बोलायची, मी माझी मराठी, आणि आमचं छान जमायचं.

तळ्याच्या मधोमध सरईच्या, म्हणजे सालवृक्षाच्या, लाकडाचा कोरीव खांब उभा होता. मैनाबाईने सांगितलं, छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे संवत १९५६ च्या, आपल्या १९०० सालच्या दुष्काळात, तिच्या सासऱ्याने हे तळं खणवलं आणि पाणी लागल्यावर तळ्याचं लग्न लावलं. इकडे तशी रीतच आहे. मांडव, हळद, वाजंत्री, सगळं यथासांग करायचं आणि लग्नाची खूण म्हणून पाण्यात खांब रोवायचा. लग्न न झालेल्या तळ्याचं पाणी देवाला चालत नाही. त्याच मांडवात सात वर्षांच्या मैनाबाईचंही लग्न उरकून घेतलं होतं. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, खांब मात्र जागच्या जागी होता. ती मला म्हणाली, घर गेलं तर गेलं बाबू, तळं तेवढं राहू दे.

मला भरून आलं. मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, काही ऐतिहासिक असेल तर लेखी आण, मग बघू. लेखी देणारं मंडळ तर माझ्या ओळखीचंच होतं!

पुढच्या रविवारी मी खरा निबंध वाचला. अच्युतरावांनी डोळे मिटून ऐकला.

"किती वर्षं झाली म्हणालात?"

"छप्पनच्या दुष्काळाले सत्तावन झाले, गुरुजी."

"मग त्रेचाळीस वर्षांनी या."

सोमवारी माझ्याबरोबर साखळी ओढणाऱ्या मारोतरावला हे सांगितलं. तो चिडलाच.

"कावून खरं सांगून राहिला बावा? त्याईले भोसल्याचे घोडे पाह्यजेत, त घोडे दे ना!"

मी घोडे दिले. नव्या निबंधाचं नाव होतं 'भोसल्यांच्या घोडदळाचा पाणीमापक खांब'. भोसल्यांचं राज्य जाऊन एकशेतीन वर्षं झाली होती, म्हणजे नियमात काठावर बसत होतं. अच्युतराव उभे राहिले. कोरीव वेलबुट्टीत त्यांना घोड्यांना पुरेल एवढ्या पाण्याच्या पातळीची खूणही सापडली, जी मी लिहिलीच नव्हती. मला एकमताने सभासद करून घेतलं आणि साहेबांना लगेच पत्र लिहायचं ठरलं. अक्षर चांगलं म्हणून पत्र मीच लिहिलं. खोटेपणाची लाज वाटत होती, पण तळं वाचतंय म्हटल्यावर ती गिळली.

साहेबांनी पत्राचा मान राखला. आठवड्याच्या आत आठ खलाशी मजूर, दोरखंड आणि ट्रक आला. एक ओरखडा न पाडता खांब उपटला आणि दुर्गला पोचता केला. दुसऱ्या दिवशी तळ्यात मुरूम पडायला लागला. मी धावत साहेबांकडे गेलो, तर त्यांनी पत्र पुढे केलं. 'सदर खांब जतन व्हावा.' तळ्याबद्दल अवाक्षर नव्हतं, आणि अक्षर माझं होतं.

खांब मंडळाच्या व्हरांड्यात उभा राहिला. वर पत्र्याची पाटी लागली: भोसलेकालीन पाणीमापक, शोध श्री. शालिकराम. सभासद त्याला छत्र्या अडकवू लागले.

पुढच्या रविवारी सभा चालू असताना मैनाबाई आली. भिलाईहून चालत आली होती. हातात पितळी लोटा होता, तळं बुजण्याआधी भरून ठेवलेला. तिने एकेक छत्री काढून भिंतीशी ठेवली, खांबाला हळद लावली आणि ते पाणी सावकाश त्याच्यावर ओतलं. माझ्याकडे एकदाच पाहिलं. मला मान वर करवली नाही.

अच्युतराव गहिवरले. "पाहिलंत? गोरगरिबांच्या मनात भोसल्यांविषयी अजून किती भक्ती आहे! शालिकराम, इतिवृत्तात घ्या."

मी घेतलं. शब्दाला शब्द, सुवाच्य अक्षरात, खाली तारीख घालून. शंभर वर्षं झाली की तोही इतिहास होईल.