इंदूबाईचं गोंदण

बडनेऱ्यात चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या, पण त्या दिवसासारखी शिसारी मला कधी आली नव्हती.

इंदूबाई गेल्या. घरात त्यांचा फोटो एकच, आधार कार्डावरचा, त्यातही डोळे अर्धे मिटलेले. म्हणून त्यांचे यजमान बुधाजी माझ्याकडे आले. "गोवर्धन, तुनं तिले रोज पाह्यलं हाये. पुण्यानुमोदनाले, तिच्या आठवणीच्या कार्यक्रमाले, चित्र काढून दे."

सात दिवस खपलो. बुधाजी शेजारी बसून सांगायचे, गाल अजून आत घे, गोंदण जरा वर. इंदूबाईंच्या लहानपणी आजीनं जत्रेत गोंदवलेले ते कपाळावरचे तीन हिरवे ठिपके. ते उमटले आणि बुधाजींना रडू फुटलं, तेव्हा कुठे मी ब्रश धुतला.

कार्यक्रमाच्या सकाळी चित्र घेऊन गेलो, तर मांडवात हा भला मोठा फ्लेक्स! पुण्याहून आलेल्या त्यांच्या लेकानं, अनुपनं, आधारवरचा फोटो कॉम्प्युटरला दिला आणि त्यानं नवीन इंदूबाई बनवून दिल्या. गोऱ्यापान, गुळगुळीत, सगळे दात शाबूत. गोंदण तर डाग समजून पुसूनच टाकलेलं. जन्मभर शेतात निंदणाला जाऊन रापलेली बाई साबणाच्या जाहिरातीत उभी केल्यासारखी दिसत होती. आणि पाहुणे म्हणतात, किती सुंदर! डोळे फुटले होते का यांचे?

अनुपनं माझं चित्र आतल्या खोलीत नेऊन ठेवलं. "काका, वाईट नका वाटून घेऊ. तुमच्या चित्रात आई लईच गरीब दिसून राहिली."

"मंग तुही माय काय शेठानी होती?" मी म्हणालो.

मेणबत्ती लावायला बुधाजींना पुढे आणलं. ते फ्लेक्ससमोर थबकले. "हे कोन होय? गोंदण काहून नाई?"

अनुप माझ्या कानाशी लागला, "काका, तेवढे तीन ठिपके काढून द्या ना. दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटांचं! त्या परक्या बाईच्या कपाळावर इंदूबाईचं गोंदण काढायचं? किळस आली मला. मी हात मागे घेतले. तर या पठ्ठ्यानं कुणाचा तरी मार्कर घेतला, स्टुलावर चढून तीन काळे ठिपके दिले आणि बापाला विचारलं, "आता?"

बुधाजींनी पेटती मेणबत्ती त्याच्या हातात दिली.

"तुही माय असंल तं तूच लाव. माही बायको अशी नव्हती."