हळदीवाल्या बाबांचा लाल न्याय

कुंभार पिंपळगावच्या शिवारात गणपतचा खून झाला, आणि चितेची राख निवते न निवते तोच गावाने तपास पोलिसांकडून काढून हळदीवाल्या बाबांकडे सोपवला. पारासमोर मुंगीला वाट मिळेना.

"आधी हात धुवा, मंग हळद चोळा, वरून तीर्थ घ्या," बाबा घोगऱ्या आवाजात सांगत होते. "निर्दोषाचा हात पिवळा राहील, खुन्याच्या हाताला रक्त फुटंल. विज्ञान थकतं तिथून आमची साधना सुरू होते."

विज्ञान थकलं होतं की नाही कोण जाणे, फौजदार सूरज खरात मात्र खरोखर थकला होता. बायको मोनाली रुसून अंबडला माहेरी गेली होती. "न्यायला यायचं तर आजच या, न्हाईतर मंग येऊच नका," असं तिने सकाळी फोनवर बजावलं होतं. तिकडे वरिष्ठ आरोपी मागत होते, आणि इथे बाबा आरोपी आयता द्यायला बसले होते. एवढी सोय सरकारनेही कधी केली नव्हती.

बाबांना आणलं होतं गणपतच्या भावाने, वसंताने. तो शेजारी बसून उपरण्याने डोळे पुसत होता. रांगेतले हात एकामागून एक पिवळेच राहिले. गणपतचा सालगडी पुंजाराम हात धुऊन पुढे आला, तसे बाबा म्हणाले, "बेटा, जरा तंबाखू मळून दे आधी."

पुंजारामने तळहातावर चुना घेऊन तंबाखू मळली. बाबांनी ती दाढेखाली धरली. मग पुंजारामने हळद चोळली, वरून पाणी पडलं, आणि तळवा लालभडक झाला.

गर्दी त्याच्यावर तुटून पडली. शिपायांनी त्याला कसंबसं सोडवून जीपमध्ये कोंबलं. "साहेब, म्या न्हाई मारलं हो, म्या उसाला पाणी देऊन राह्यल्तो," तो रडत होता.

न्यावा याला, सूरजच्या मनात आलं. दिवस मावळायच्या आत अंबड गाठता येईल. त्या विचाराची त्याला लाज वाटली, आणि लाज वाटली की तो नेहमी करी तेच त्याने केलं. डबी काढून तळहातावर चुना घेतला आणि तंबाखू मळायला घेतली. मळता मळता त्याचा अंगठा थांबला.

तो पारावर चढला. "बाबा, माझीबी परीक्षा घ्या."

"पोलिसांना काय गरज, साहेब?"

"बिलकुल गरज हाय."

त्याने स्वतःच हळद चोळली, स्वतःच पाणी ओतलं. फौजदाराचा हात लाल झाला.

"घाला बेड्या," सूरज म्हणाला. "खून झाला तवा मी जालन्यात घरी बायकोची बोलणी खात होतो. पण हळद खोटं बोलत न्हाई म्हणता."

मागून म्हातारी गिरिजाबाई म्हणाली, "मुक्या मारावर जन्मभर हळद-चुना लावती मी. लालच होतो की तो लेप."

"मंग आत्तापर्यंत गप्प का, मावशी?"

"बाबा बोलून राह्यल्ते ना."

सूरज बाबांकडे वळला. "सगळ्यांचे हात धुतले, अन् मंग चुना एकट्या पुंजारामच्याच हाताला? त्याचं नाव कुणी दिलं?"

बाबांची दिव्यदृष्टी आपोआप वसंताकडे गेली. वसंताचे डोळे एकाएकी कोरडे झाले होते, आणि तो चपला शोधत होता. शिपायाने त्याला बसवून ठेवलं. एवढ्यावरून तो खुनी ठरत नव्हता, हे सूरज जाणून होता. पुरावा आता रीतसर शोधायचा होता.

"हळदीला चुना लागला की ती लाल होती," तो लोकांना म्हणाला. "माझ्या हातावर, तुमच्या हातावर, बाबाच्याबी. तिला माणूस कळत न्हाई. तुम्हाला कळतो, अन् तरी तुम्ही आत्ता एका गरिबाला मारून टाकत होता. इचारत जा रे बाबांनो, एवढंच मागणं हाय."

सूरजने अंबडला फोन लावला. "मोनाली, आज जमत न्हाई."

"ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "ते सांगायला बाबा लागत न्हाई."

पुंजाराम घरी गेला. सूरज तेवढा गेला नाही.