नेटलचं बळ

"तीन फूट उंची आणि बळ अठरा? काहीतरीच!" ट्रेव्हरनं आर्डिसचा कागद सगळ्यांपुढं फिरवला. "उंची निम्मी झाली की वजन आठवा भाग होतं अन् स्नायूंची ताकद पाव. इंजिनिअर आहे मी. हिला दहाच्या वर देताच येणार नाही."

अमेरिकेतल्या ऑशकॉश गावात ड्वेनच्या तळघरात दर रविवारी दुपारी हा खेळ चाले. प्रत्येकानं एक काल्पनिक माणूस व्हायचं, त्याचं बळ, बुद्धी अठरापर्यंतच्या आकड्यांत मांडायची, फासे टाकायचे आणि टेबलावरच्या नकाशावर आपली बाहुली सरकवत ड्वेन सांगेल त्या भुयारात शिरायचं. आर्डिस नऊ वर्षं बुटक्या जमातीची नेटल होती. कुणी पडला की नेटलनं पाठुंगळीला घेऊन बाहेर आणायचं, ही तिथली रीतच. ट्रेव्हर नवा, बाकी सगळे कधी ना कधी तिच्या पाठीवरून परत आले होते.

"मग पडलेल्याला आणणार कोण?" तिनं विचारलं.

"खेचर घेऊ की!" मार्व्ह म्हणाला. "त्याला हिच्यासारखं चीज तरी खाऊ घालावं लागत नाही."

सगळे हसले. आर्डिसही हसली, जरा उशिरा.

तिला सांगायचं होतं, माझी उंची चार फूट आठ. वृद्धाश्रमात दोनशे दहा पौंडांच्या लुंडक्विस्ट आजोबांना मी रोज आंघोळीच्या खुर्चीतून एकटी उठवते. गुडघ्याला गुडघा टेकवायचा, मिठी मारायची, तीनदा झुलवायचं. मग त्यांचंच वजन त्यांना उभं करतं. पण तिला नावानं हाक मारणारी माणसं उरली होती ती एवढ्या टेबलाभोवतीच. भांडून ही खुर्ची कशी घालवायची?

"नियम तो नियम, आर्डिस," ड्वेन फाशांकडे बघत म्हणाला. "राग नको मानूस."

तिनं अठरा खोडलं. कागद तिथं पार विरला. त्यावरच दहा लिहिलं.

तासाभरानं ट्रेव्हरचा सात फुटी सरदार भुयारातल्या खड्ड्यात कोसळून बेशुद्ध पडला. खड्ड्यात पाणी चढू लागलं.

"नेटल, उचल याला!" सवयीनं तिघं एकदम ओरडले.

"चिलखतासकट किती भरतो?" तिनं विचारलं.

"तीनशे चाळीस पौंड," ट्रेव्हर पुटपुटला.

"आणि खेचर?"

"बाहेर बांधलंय," ड्वेन म्हणाला. "भुयारात शिरत नाही ते."

"मग निघा बाबांनो," मार्व्हनं आपली बाहुली उचलली. एकेक बाहुली नकाशावरून दाराकडं सरकली.

"नेटल खाली उतरते," आर्डिस म्हणाली. "त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसते."

"अगं, बुडशील!" ट्रेव्हर कळवळला. "मी काय, उद्या दुसरा सरदार करीन. तुझी नऊ वर्षांची नेटल जाईल ना!"

"बसायला किती बळ लागतं रे? बघ तुझ्या हिशेबात."

खड्ड्यात दोनच बाहुल्या उरल्या, एक आडवी आणि तिच्याशेजारी एक बोटभर.

"पाणी कमरेला लागलं," ड्वेन हळूच म्हणाला.

आर्डिसनं खुर्ची जरा पुढं ओढून घेतली.