वर्नाबाईंचा हातोडा

शेवटी आमच्या क्लबातलं बर्फ वितळलं, तेही ऐन जानेवारीत. पण मित्रांनो, हे मी सांगितलंच नाही असं समजा. आमच्या कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात वाईट बातमी सांगतात आणि लगेच कॉफी विचारतात.

तर मी एक जुना लाकडी हातोडा आहे. आमच्या क्लबात बर्फावरून दगड सरकवण्याचा खेळ चालतो. दगडापुढचं बर्फ झाडायच्या एका मोडक्या झाडूच्या दांड्यातून माझा जन्म झाला. सभेत गोंगाट झाला की अध्यक्षांनी मला टेबलावर आपटायचं, एवढंच माझं काम. गावातली शाळा गेली, दुकान गेलं, राहिला तो हा क्लब.

आमची अध्यक्ष निवडायची रीत सोपी आहे. जो सभेला गैरहजर, तो अध्यक्ष. वर्नाबाई दुबिक दाढ काढायला गेल्या आणि अध्यक्ष होऊन परतल्या. सुजलेला गाल धरून म्हणाल्या, "मेल्यांनो, एक दुखणं उपटून आले, तर दुसरं बसवलंत होय?"

त्यांनी मला क्वचितच आपटलं. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत त्या माझ्या डोक्यानं अक्रोड फोडत आणि पहिला गर बोलणाऱ्यालाच देत. मला तो अपमान वाटे. एकदा बर्फ खडबडीत झालं. चूक कुणाची यावर सभा पेटणार, तोच त्या म्हणाल्या, "बर्फावर पाणी मी घाईत मारलं. आता नीट कसं करायचं ते बोला." भांडणाची घरून तयारी करून आलेले लोक हिरमुसले आणि बर्फ मात्र नीट झालं. क्लबाच्या किल्ल्या त्यांनी इतक्या जणांना वाटल्या होत्या की कुलूप केवळ शोभेला उरलं होतं. आपल्यामागून कोण, हे तेवढं त्यांनी कधी बोलून ठेवलं नाही. रीत होतीच ना!

पुढे वर्नाबाई दवाखान्यात पडल्या. त्याही गैरहजरच होत्या, पण आजारी माणसाला छळू नये एवढी माणुसकी गावात आहे. लॉर्न टेट गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेला होता, तो अध्यक्ष झाला.

लॉर्ननं मला मुठीत धरलं, तेव्हा वाटलं, आता कुठे आपल्या कर्तृत्वाला वाव मिळाला. त्यानं सगळ्या किल्ल्या परत मागवल्या. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या इर्मा क्लासेनचीही. इर्मा एकटीच राहायची. हिवाळ्यात माणसाचा आवाज ऐकायला तिला ही एकच जागा होती.

गैरहजर राहण्याची सोय नसल्यानं लोक सभेला झाडून येत. लॉर्नला ते प्रेम वाटे. एका सभेत फरशीखालचा, बर्फ गोठवणारा पंप ठोके देऊ लागला. ते सगळ्यांना ऐकू येत होते, लॉर्नलाही.

"लॉर्न, तो पंप..." इर्मा म्हणाली.

ठक्.

"पंपाचा विषय आजच्या सभेत नाही."

"अरे, पण तो सभेतच वाजतोय."

ठक्. तो आवाज माझाच होता, मित्रांनो.

बाहेर गाड्यांपाशी सगळ्यांचं एकमत झालं की पंपाचं कुणीतरी बोलायला हवं. मग थंडी फार आहे म्हणून सगळे घरी गेले.

त्याच आठवड्यात वर्नाबाई वारल्या आणि पंपही थांबला. आत हीटर मात्र नेमानं चालू होते. किल्ल्या लॉर्नच्या खिशात आणि लॉर्न तळ्यावर. दार फोडावं का, हे ठरवायला सभा हवी आणि सभा बोलवायला अध्यक्ष हवा. बाहेर सगळा मुलूख गोठला होता. इर्मा खिडकीच्या काचेला नाक लावून, आत तळं होताना बघत उभी राहिली.

लॉर्ननं राजीनामा दिला. शेवटच्या सभेला एकही जण गैरहजर नव्हता. फक्त वर्नाबाई नव्हत्या. त्या एकमतानं निवडून आल्या.

"अरे, ती गेलीय रे," इर्मा म्हणाली.

"म्हणून तर नाही म्हणणार नाही," लॉर्न म्हणाला.

इर्मानं कपाटातली आपली कॉफीची किटली उचलली आणि ती घरी गेली. मला टेबलावर ठेवून दिवे मालवले गेले.

तरी माननीय अध्यक्षा वर्ना दुबिक यांना सविनय विनंती की, त्यांनी पुढील सभेस जातीने हजर राहावे, श्रीमती क्लासेन यांचे बोलणे पुरते ऐकून घ्यावे, आणि तोवर प्रस्तुत अर्जदारास अक्रोड फोडण्याच्या कामी पूर्ववत रुजू करून घ्यावे.