मी, भाऊरावांची स्टिकी कीज

मित्रांनो, मी एक जुनी सोय आहे. लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणाऱ्या एका तितक्याच जुन्या कॉम्प्युटरात, सेटिंगच्या यादीत अगदी तळाशी माझं घर आहे. माझं नाव स्टिकी कीज. मला हातात घेता येत नाही, माझ्यावर धूळही बसत नाही, म्हणून कुणी मला पुसायला येत नाही आणि माझी आठवणही काढत नाही. पण माझं काम ऐकलंत तर तुम्ही मला नावं ठेवणार नाही.

कीबोर्डवर मराठी लिहिताना 'ब' सहज उमटतो, पण 'भ' हवा असेल तर शिफ्ट दाबून धरावी लागते. 'आ', 'घ', 'ख' यांचेही असेच नखरे. तुम्ही एका हाताने शिफ्ट धरता आणि दुसऱ्या हाताने अक्षर दाबता. ज्याला एकच हात आहे त्याने काय करावं? त्याने शिफ्ट दाबावी आणि खुशाल सोडून द्यावी. पुढचं अक्षर येईपर्यंत ती मी धरून ठेवते.

मला घडवणारी माणसं देशोदेशीची. एकमेकांची तोंडंही न पाहता त्यांनी हौसेने मला घडवलं, पण त्यांच्या हातून एक खोट राहिली. मला बोलवायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे यादीत जाऊन माऊसने बटण सरकवायचं. तिथून मी गुपचूप येते. दुसरा म्हणजे शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबायची. तेव्हा 'स्टिकी कीज सुरू करू का?' असं विचारणारी एक चौकट पडद्यावर यायला हवी. आमच्या कॉम्प्युटरात मात्र ती चौकट येता येता धडपडते आणि पडताना सगळा पडदाच खाली ओढते. उघडलेल्या फायली बंद, न साठवलेलं लिखाण गुल, आणि समोर पासवर्ड मागणारं कोरं पान. अशा वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

तीन वर्षांपूर्वी हा कॉम्प्युटर घाटकोपरच्या एका वाचनालयात आला आणि मला माझा माणूस भेटला. त्यांचं नाव भाऊराव. मरोळच्या एका कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर त्यांनी बावीस वर्षं काम केलं. एके दिवशी प्रेस खाली आली आणि उजव्या हाताचा पंजा गेला. 'तुझंच लक्ष नव्हतं,' असं सुपरवायझर म्हणाला. मग सगळेच तसं म्हणू लागले आणि होता होता भाऊरावांनाही ते पटलं. दहावी पास झालेला हा माणूस, पण डाव्या हाताला पेन काही वळेना. तेव्हापासून ते कागदावर अंगठा उठवू लागले.

वाचनालयाचा कॉम्प्युटर सांभाळायला श्वेता नावाची मुलगी रविवारी यायची. तिनेच मला यादीतून शोधून काढलं.

"काका, शिफ्ट दाबा आणि सोडून द्या. आता 'भ' मारा."

भाऊरावांनी डाव्या हाताने स्वतःचं नाव लिहिलं. पुसलं, पुन्हा लिहिलं. असं चार वेळा केलं, आणि चारही वेळा मी शिफ्ट घट्ट धरून ठेवली. इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता. जाताना श्वेताने त्यांच्या सोयीसाठी पाच वेळा दाबायचा रस्ताही चालू करून ठेवला. त्यातली खोट तिला कुठे ठाऊक होती?

मग भाऊरावांनी एक पुस्तिका लिहायला घेतली, प्रेसवर नव्याने कामाला लागणाऱ्या मुलांसाठी. हात कुठे ठेवायचा, पत्रा चिमट्याने कसा सरकवायचा, हात आत जाऊ नये म्हणून लावलेली मशीनची जाळी का काढू द्यायची नाही. मरोळची कामगार संघटना ती छापणार होती. रोज सकाळी दहाला येऊन ते माऊसने मला चालू करत, पानभर लिहीत, आणि उठताना पुढच्या माणसाला त्रास नको म्हणून आठवणीने बंद करत. बघता बघता एकतीस पानं झाली.

पुढे त्यांच्यानंतर अकराला वाचनालयाच्या चिटणीस रत्नप्रभाबाई वार्षिक अहवाल लिहायला बसू लागल्या. चेंबूरच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी पस्तीस वर्षं मुलींना टाईपरायटर शिकवला होता. त्यांचा अर्धामुर्धा लिहिलेला अहवाल एकदा गेला, दुसऱ्यांदा गेला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा त्यांचा पारा चढला.

"भाऊराव, तुम्ही उठलात की हे असं होतं. काय करून ठेवता तरी काय?"

पलीकडे पेपर वाचत बसलेले भाऊराव उभे राहिले. "असेल बाई. माझाच हात चुकला असेल."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडले असते. दुसऱ्या दिवशी भाऊराव आले नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाहीत. बत्तिसावं पान कोरंच राहिलं.

रविवारी श्वेता आली. ती रत्नप्रभाबाईंची सख्खी भाची.

"भाऊरावांची ती स्टिकी की काय ती मुळापासून काढून टाक गो बाय," बाई म्हणाल्या. "वार्षिक सभा आठवड्यावर आली."

आपलं लिखाण पेन ड्राईव्हवर घेऊन जायला भाऊरावही आले होते. ते दारातच थांबले.

"थांब ना मावशी, आधी बघू तर दे कसं होतं ते. तू रोज बसतेस तशी बस."

बाई बसल्या. चष्मा चढवला, पाठ ताठ केली आणि करंगळीने शिफ्ट दाबली. टक, टक, टक, टक, टक. पडदा कोसळला.

"हे काय केलंस?"

"काय केलं? हात मोकळा केला. टाईपरायटरची शिफ्ट जड असायची. प्रत्येक नव्या कागदाआधी शिफ्ट पाचदा दाबा, हाच मुलींना माझा पहिला धडा. अजून नवं पान घेताना तेच करते."

"अगं, त्यानेच तर वाट लागते!" श्वेताने कपाळावर हात मारला आणि सगळं उलगडून सांगितलं.

बाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे मी पाडत होते, आणि बोलले मात्र यांना?"

"तुझीही चूक नाही गं. कुणी पाच वेळा शिफ्ट दाबली म्हणून कॉम्प्युटर पडता कामा नये. चूक आतली आहे."

भाऊराव हळूच म्हणाले, "पहिल्याच दिवशी माझ्याकडूनही पडला होता. वाटलं, डावा हात, चुकला असेल. तेव्हापासून मी माऊसनेच चालू करतो."

"मग सांगितलं का नाही काका?"

"काय सांगणार? चूक माझीच ना."

श्वेताने पाच वेळा दाबायचा रस्ता बंद केला आणि मला जिथल्या तिथे राहू दिलं. मग तिने मला घडवणाऱ्यांना कळवायचं पान उघडलं. "तुम्ही सांगा काका, मी इंग्रजीत लिहिते. पहिला प्रश्न आहे, नेमकं काय झालं? दुसरा, काय व्हायला हवं होतं?"

भाऊराव दारातून आत आले. बाईंनी उठून त्यांना आपली खुर्ची दिली.

"चौदा वर्षं झाली पंजा जाऊन," ते म्हणाले. "हे मला कुणी विचारलं नव्हतं."

कॉम्प्युटरचं त्यांनी सांगितलं आणि श्वेताने लिहिलं. प्रेसचं मात्र त्यांनी स्वतः लिहायला घेतलं. बत्तिसावं पान उघडलं, मला चालू केलं, आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'त्या दिवशी मशीनची जाळी काढलेली होती. माल लवकर निघावा म्हणून ती काढायला लावली होती. माझं लक्ष होतं.' तेवढं लिहायला त्यांना अर्धा तास लागला. बाई शेजारी उभ्या होत्या, पण त्यांनी एकदाही घाई केली नाही.

चार दिवसांनी उत्तर आलं. आभार मानले होते आणि खोट सापडली असं कळवलं होतं. पुढच्या आवृत्तीत मी बरी होईन. पुस्तिकाही छापायला गेली आहे.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा, पुसा, वेळेवर दुरुस्त करा. पण आमच्यासमोर बसलेल्या माणसाला त्याहून जास्त जपा. काही बिघडलं की त्याच्या हाताकडे बोट दाखवू नका. त्याला बसायला खुर्ची द्या, नेमकं काय झालं ते विचारा, आणि त्याचं सांगून होईपर्यंत थांबा.